धुके दुपारी विरले, विमान मात्र तिथेच राहिले

पहिला दिवस : ठाण्याहून सहार, सहारहून भलतीकडे

आई आणि मावशी यांना काशीला न्यायचे बरेच दिवस मनात होते. रेल्वेने गेलो असतो तर एक पूर्ण दिवस आणि वर काही तास गाडीत काढावे लागले असते आणि मावशीच्या गुडघ्यांना ते झेपले नसते, म्हणून जानेवारीतील थेट विमानाची तिकिटे काढली. विमान पहाटेचे होते. नौपाड्यातून निघून पूर्व द्रुतगती मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि सहारचा उन्नत मार्ग असा प्रवास त्या वेळी विनाअडथळा होतो. आम्ही वेळेच्या बरेच आधी मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर पोहोचलो.

दोघींसाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवली होती. या बाबतीत कोणी हयगय करू नये असे मला कळकळीने वाटते, कारण फेब्रुवारी २०२४ मध्ये याच विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेल्या ऐंशी वर्षांच्या एका प्रवाशाला दुसरी व्हीलचेअर मिळाली नाही, पत्नीला खुर्चीत बसवून ते चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्या प्रकरणी एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड केला होता. आमच्या वाट्याला मात्र त्या पहाटे दोन खुर्च्या आणि दोन अतिशय समजूतदार मदतनीस आले. विमानही जवळपास वेळेवर सुटले.

वाराणसीच्या बाबतपूर विमानतळाजवळ आल्यावर विमान घिरट्या घालू लागले. खाली दाट धुके असून दृश्यमानता पुरेशी नाही, असे वैमानिकांनी हिंदीत आणि इंग्रजीत स्पष्ट सांगितले, आणि थोड्या वेळाने इंधनाचा विचार करून विमान दुसऱ्या शहराकडे वळवत असल्याचेही सांगितले. इथपर्यंत कोणाचाही दोष नव्हता. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत धुके पडतेच. धावपट्टीवरची दृश्यमानता ५० मीटरपर्यंत खाली आली तरी विमान उतरवता येईल अशी कॅट ३-बी यंत्रणा देशातील मोजक्याच विमानतळांवर आहे, आणि तिचा उपयोग होण्यासाठी विमानात तशी उपकरणे आणि वैमानिकांकडे तसे प्रशिक्षण असावे लागते. यातली एक गोष्ट कमी असली तरी दुसरीकडे जाणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. तो त्यांनी घेतला याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

तक्रार सुरू होते ती चाके जमिनीला टेकल्यानंतर. आम्ही ज्या शहरात उतरलो त्याचे आणि विमान कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण अजून लेखी तक्रारीच्या टप्प्यावर आहे. विमान एका कोपऱ्यात उभे राहिले, इंजिने बंद झाली आणि त्यानंतर कोणीही काहीही सांगेनासे झाले. अर्ध्या तासाने पाण्याचे छोटे पेले फिरले, तासाभराने बिस्किटे आली. मागच्या रांगेत एक तान्हे मूल रडत होते आणि मावशीचे पाय सुजू लागले होते. ‘उतरू द्या’ म्हटले की ‘परवानगी नाही’ एवढेच उत्तर मिळे. ही परवानगी कोणाची, हे मात्र कोणी सांगत नव्हते.

१४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान धुक्यामुळे मुंबईला वळवण्यात आले आणि त्यातील प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या प्रकरणात विमान कंपनी आणि विमानतळाचे चालक या दोघांनाही दंड झाला. त्यानंतर त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाने, विमानात दीर्घकाळ अडकलेल्या प्रवाशांना निर्गमनाच्या दारातून टर्मिनलमध्ये परत आणता यावे, अशी मार्गदर्शक सूचना काढली. सूचना अस्तित्वात असूनही आमच्या विमानातील कर्मचाऱ्यांना ती माहीत असल्याचे दिसले नाही. माझ्या पत्नीने ती मोबाइलवर शोधून त्यांना वाचून दाखवली, त्यानंतर काही वेळाने शिड्या लागल्या.

टर्मिनलमध्ये पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि काचेबाहेर स्वच्छ ऊन होते. आमच्यानंतर वळवून आणलेली दुसऱ्या कंपनीची दोन विमाने एकामागून एक वाराणसीकडे निघून गेली. आमचे विमान जागचे हलले नाही. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला ‘हवामानामुळे उशीर’ हेच सांगत होती, आणि तिच्या डोक्यावरचा फलक वाराणसीचे हवामान ठीक असल्याचे दाखवत होता.

या वेळी आमच्या शेजारी बसलेल्या नेरूळच्या एका गृहस्थांशी ओळख झाली. ते व्यापारी जहाजांवर मुख्य अभियंता आहेत आणि जहाज गाठण्यासाठी वा जहाजावरून परतण्यासाठी त्यांना जगभरच्या विमानतळांवरून प्रवास करावा लागतो. त्यांनी सर्वांत आधी आईला विचारले, “काकू, तुमची औषधं हातातल्या पिशवीतच आहेत ना?” ती तशीच होती. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “उशीर किती झाला हे विचारू नका. उशीर कशामुळे झाला ते विचारा, आणि उत्तर लेखी मागा. पुढचं सगळं त्या एका ओळीवर ठरतं.”

त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला संध्याकाळपर्यंत पुरता कळला. डीजीसीएच्या नियमांप्रमाणे विमानाला ठरावीक मर्यादेपलीकडे उशीर झाला की प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते, उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवड करू द्यावी लागते, आणि तो चोवीस तासांच्या वर गेला तर हॉटेलची सोय करावी लागते. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानांना हॉटेलची अट सहा तासांच्या उशिरालाच लागू होते. ऐनवेळी उड्डाण रद्द केल्यास प्रवासाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा मूळ भाडे आणि इंधन शुल्क मिळून होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरपाई मिळते. मात्र कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे असेल, म्हणजे हवामान, संप, दंगल किंवा हवाई नियंत्रणाची अडचण असे काही असेल, तर कंपनी या बहुतेक जबाबदाऱ्यांतून सुटते. त्यामुळे ‘हवामान’ हा एकच शब्द कंपनीचा मोठा खर्च वाचवतो आणि म्हणून तो इतक्या सहजपणे उच्चारला जातो.

खरे कारण आम्हाला एका तरुण कर्मचाऱ्याकडून कळले. सकाळपासून विमानात बसून राहिल्यामुळे वैमानिकांची कामाची कमाल वेळ संपली होती आणि त्या शहरात कंपनीकडे दुसरे वैमानिक नव्हते. थकलेल्या वैमानिकाने विमान उडवू नये हा नियम प्रवाशाच्या जिवासाठी आहे आणि त्याबद्दल मला तिळमात्र तक्रार नाही. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घालणारे नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. त्यांची पुरेशी तयारी न केल्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे कशी कोसळली, ५ डिसेंबर २०२५ या एकाच दिवशी एक हजाराहून अधिक उड्डाणे कशी रद्द झाली, हे सर्व देशाने पाहिले आहे. नियम आधीपासून माहीत असतात, धुक्याचा मोसमही माहीत असतो. त्या मोसमात विमाने जेथे वळवली जातात तेथे राखीव वैमानिक ठेवायचे की नाही, हा कंपनीने घेतलेला निर्णय असतो, आणि त्याचा हिशेब धुक्याच्या नावावर टाकता येणार नाही.

नेरूळच्या गृहस्थांनी या संदर्भात अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीचे उदाहरण दिले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे मोठे हिमवादळ झाले. इतर कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या, पण साउथवेस्टची कर्मचारी नेमण्याची जुनी संगणक यंत्रणा कोलमडल्यामुळे तिची सोळा हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. पुढे तेथील सरकारने तिला १४ कोटी डॉलरचा दंड केला. सुरुवात वादळाने झाली होती हे खरे असले, तरी वादळ ओसरल्यानंतरचे दिवस कंपनीच्या नावावर मांडले गेले. युरोपातही असेच आहे. तेथील २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मिळते, आणि विमानातील नेहमीचा तांत्रिक बिघाड ही ‘असाधारण परिस्थिती’ ठरत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच दिला आहे.

रात्री नऊच्या सुमारास उड्डाण दुसऱ्या दिवशी दुपारी होईल असे जाहीर झाले. म्हणजे मूळ वेळेपासून चोवीस तास नक्कीच उलटणार होते. तरीही हॉटेलचे नाव कोणी काढेना. खुर्च्यांना मध्ये लोखंडी हात असल्यामुळे कोणाला आडवे होता येत नव्हते. आईने शेवटी शाल अंथरून जमिनीवर बैठक मारली, आणि ते पाहून मला अतिशय वाईट वाटले. आम्ही एका वहीच्या कागदावर अर्ज लिहिला. उड्डाण क्रमांक, विमान उतरल्याची वेळ, धुके विरल्याची वेळ, दुसऱ्या कंपनीची विमाने गेल्याची वेळ आणि कर्मचाऱ्याने सांगितलेले कारण, हे सर्व क्रमाने लिहून खाली ‘विलंबाचे कारण लेखी द्यावे आणि नियमाप्रमाणे राहण्याची सोय करावी’ अशी मागणी केली. ऐरोली, डोंबिवली, पनवेल, नाशिक अशा गावांची माणसे एकेक करून सही करू लागली. बनारसच्या एका विणकर कुटुंबाने उर्दूत सह्या केल्या. ड्यूटी मॅनेजर आले, त्यांनी कागद वाचला, कारण लेखी देण्यास नकार दिला, पण आमच्या प्रतीवर मिळाल्याचा शिक्का आणि वेळ घातली. मध्यरात्रीच्या आधी हॉटेलच्या बसगाड्या दारात लागल्या.

दुसरा दिवस : बाबतपूर

हॉटेल स्वच्छ होते, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दुपारी विमान निघाले आणि थोड्याच वेळात बाबतपूरच्या लालबहादूर शास्त्री विमानतळावर उतरले. सामानाच्या पट्ट्यावर आमच्या तीन बॅगा आल्या, चौथी आली नाही. ती मावशीची होती. तिच्यात गंगेत सोडण्यासाठी काकांच्या अस्थींचा उरलेला अंश आहे की काय, या शंकेने माझ्या पोटात गोळा आला, पण मावशीने शांतपणे सांगितले की तो तिच्या पर्समध्येच आहे. बॅगेत साड्या, स्वेटर आणि पूजेचे सामान होते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. बॅग आली नाही तर विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकण्याआधी पीआयआर नावाचा सामानाच्या गैरसोयीचा अहवाल लिहून घ्यावा, त्याचा क्रमांक आणि बॅगेजच्या चिठ्ठीचा अर्धा भाग जपून ठेवावा. ‘घरी जा, आम्ही फोन करतो’ हे आश्वासन कितीही गोड वाटले तरी कागदाशिवाय त्याला पुढे कोणी विचारत नाही. देशांतर्गत प्रवासात सामान हरवणे, खराब होणे किंवा उशिरा मिळणे यासाठी कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे कमाल २०,००० रुपयांपर्यंत आहे. बाबतपूरच्या काउंटरवर एक मध्यमवयीन कर्मचारी होते, त्यांनी स्वतः खुर्ची सोडून मावशीला बसवले आणि बॅगेचा रंग, खूण, आतल्या वस्तू असा सगळा तपशील शांतपणे लिहून घेतला. कालच्या संपूर्ण दिवसात ज्याची कमतरता जाणवली ते एवढेच होते.

तिसरा दिवस : काशी

हा दिवस घाटांचा होता आणि त्याचे वर्णन येथे लांबवत नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलेल्या विश्वनाथाच्या मंदिरात दोघींचे दर्शन नीट झाले. मावशीने गंगेत अस्थी सोडल्या, नेसूच्या साडीनिशी स्नान केले आणि बाजारातून घेतलेली सुती साडी नेसली. साडी, स्वेटर आणि औषधी तेल यांच्या पावत्या मी घेऊन ठेवल्या, कारण बॅग उशिरा आल्यामुळे करावा लागलेला आवश्यक खर्च मागायचा तर पावती लागते. कंपनीला दिवसातून अनेकदा फोन केले, पण दर वेळी नव्या माणसाला सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली.

संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर नेरूळचे गृहस्थ सपत्नीक भेटले. आरती सुरू व्हायला अवकाश होता, तेव्हा जगातला सर्वांत वाईट विमानतळ कोणता, असे मी त्यांना विचारले. त्यांनी मनिलाचे नाव घेतले. तेथील टर्मिनल १ ला २०११ पासून सलग तीन वर्षे प्रवाशांच्या कौलात जगातील सर्वांत वाईट ठरवले गेले होते. पण गळके छत आणि अस्वच्छ शौचालये यांच्यापेक्षा २०१५ ची भीती त्यांच्या मनात अधिक राहिली आहे. त्या वर्षी प्रवाशांच्या बॅगांत बंदुकीची गोळी टाकून त्यांच्याकडून पैसे उकळले जात असल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या आणि लोक बॅगा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून नेऊ लागले. “छत गळलं तर माणूस सरकून बसतो,” ते म्हणाले, “पण समोरचा गणवेशातला माणूस खरं बोलतोय की नाही हेच कळेनासं झालं, तर बसायचं कुठे?” मला हे अतिशय पटले. आमच्या वाट्याला आलेला प्रसंग त्या मानाने फार सौम्य होता, पण त्रास होण्याचे मूळ तेच होते.

चौथा दिवस : बॅग

सकाळी बॅग हॉटेलवर आली. तिचे एक चाक तुटले होते आणि मुठीची पट्टी वाकली होती. आणून देणारा मुलगा ‘बॅग सुस्थितीत मिळाली’ असे छापलेल्या कागदावर सही मागत होता. पत्नीने त्या ओळीवर काट मारून ‘चाक तुटलेले, मूठ वाकलेली’ असे लिहिले, फोटो काढले आणि मगच सही केली. सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग ताब्यात आल्यापासून सात दिवसांत जायला हवी, म्हणून ती त्याच दुपारी ईमेलने पाठवली.

पाचवा दिवस : दिल्लीमार्गे उलवे

परतीची तिकिटे दुसऱ्या कंपनीची, दिल्लीमार्गे नवी मुंबईची होती. वाराणसीहून निघताना पुन्हा धुके होते आणि विमानाला उशीर झाला. पण या वेळी उशिराचा संदेश आम्ही हॉटेलातून निघण्याच्या आधीच आला, त्यात कारण होते, नवी वेळ होती आणि दिल्लीहून पुढचे विमान चुकले तर कोणत्या विमानात जागा ठेवली आहे हेही होते. धुके तेच, मोसम तोच, पण आई निवांतपणे दुसरा चहा घेऊन निघाली. पुढचे विमान चुकले नाही.

उलव्यातला नवी मुंबईचा विमानतळ मी प्रथमच पाहत होतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने सुरू झाली, म्हणजे आम्ही उतरलो तेव्हा त्याला महिनाही झाला नव्हता. कमळाच्या कल्पनेवरून रचलेले छत आणि खांब सुंदर आहेत. त्या छताखालून चालताना आईने इथल्या भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव काढले. उरण-पनवेलच्या भूमिपुत्रांना जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार सोसावा लागला होता, त्या दिवसांतल्या बातम्या तिला लख्ख आठवतात.

नव्या विमानतळाबद्दल मनात धास्ती होती, कारण हीथ्रोचे टर्मिनल ५ मला ठाऊक होते. २७ मार्च २००८ रोजी ते सुरू झाले तेव्हा कर्मचाऱ्यांना गाड्या लावायला जागा सापडेना, सामानाची संगणक यंत्रणा अडखळली, पहिल्या काही दिवसांत पाचशेहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे २८,००० बॅगा साठून राहिल्या. इमारत उत्तम होती, तिच्यात काम करणाऱ्यांचा सराव अपुरा होता. उलव्यात आमच्या बॅगा आम्ही पट्ट्याजवळ पोहोचेपर्यंत फिरू लागल्या होत्या आणि व्हीलचेअर विमानाच्या दाराशीच उभ्या होत्या. पहिल्या टर्मिनलची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. ती भरू लागेल आणि पावसाळा येईल, तेव्हा खरी परीक्षा होईल. ठाणेकरांच्या दृष्टीने आजची अडचण रस्त्याची आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळी आम्ही बराच वेळ रांगेत उभे होतो, आणि दोन ज्येष्ठ माणसे व चार बॅगा घेऊन लोकलने येण्याची कल्पना करवत नव्हती.

परतल्यानंतर

कंपनीकडून तिसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात ‘प्रतिकूल हवामान’ हे कारण दिले होते आणि पुढील प्रवासासाठी व्हाउचर देऊ केले होते. आम्ही व्हाउचर नाकारले. हॉटेल मिळाले होते, तेव्हा त्याची मागणी नव्हती. आमची मागणी तीन गोष्टींची आहे : धुके विरल्यानंतरच्या विलंबाचे खरे कारण लेखी मिळावे, बॅगेच्या दुरुस्तीचा आणि उशिरामुळे झालेल्या खरेदीचा खर्च पैशांत मिळावा, आणि या विमानाला जोडून काढलेले एका सहप्रवासी विद्यार्थ्याचे पुढचे तिकीट बुडाले त्याचा विचार व्हावा. त्याने आम्हाला तसे अधिकारपत्र दिले आहे. तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि त्याच वेळी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर नोंदवली आहे. शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत सगळीकडे जोडली आहे, आणि सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपापल्या नावाने तीच प्रत जोडून तक्रारी केल्या आहेत.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात दाद मागता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीचे मुख्यालय कोठेही असले तरी आमची सुनावणी ठाण्यातच होऊ शकते. अपिलीय अधिकाऱ्यानेही ‘हवामान’ हेच उत्तर दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचे ठरले आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे, आणि त्या दुपारी वाराणसीला निघून गेलेल्या दोन विमानांचे क्रमांक व सुटण्याच्या वेळा त्याच्या पहिल्याच पानावर लिहिल्या आहेत.